घोडेगावचे वगळलेले उत्तर

प्रा. वसंतराव ढोकणे यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या पत्रिकेत, त्यांच्या ग्रंथातील घोडेगावच्या दलालाचे उत्तर प्रथम सरांच्याच हातून वगळले गेले, असे छापले आहे. हे विधान चुकीचे आहे. ते उत्तर मी वगळले.

आमचा परिचय महाविद्यालयाच्या शिक्षक-कक्षात झाला. सर राज्यशास्त्र शिकवीत, मी मराठी. पहिल्याच दिवशी त्यांनी आपला लेख माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "दयामाया न करता तपासा." पुढे पाश्चात्त्येतर समाजांतील राज्यसंस्थेच्या घडणीवरील त्यांच्या ग्रंथाची मुद्रणप्रतही माझ्याकडेच आली.

अशा देशांत राज्य केवळ वरून लादले गेले, हे मत सरांना मान्य नव्हते. त्याची पडताळणी करण्यासाठी ते घोडेगावच्या बैलबाजारात गेले; मी सोबत होतो. औताला जुंपताच बैल बसतो म्हणून एक शेतकरी रीतसर पावती घेऊन भांडत होता. उपरण्याखाली बोटे धरून, खुणेने भाव ठरवून तो सौदा जुळविणारे वृद्ध दलाल किसनभाऊ पुढे आले आणि त्यांनी तो मोडला. विकणाऱ्याने मुकाट्याने बैल परत नेला.

सरांनी विचारले, "भाऊ, पावती असताना तुमचं का ऐकतात?"

"पावती म्हंजी कागद, गुरुजी. खोट निघाली की लोक माझ्या दारात येत्यात. कागदाला दार कुठं हाय?"

निर्णयाची जबाबदारी घेणारा माणूस सापडतो तेथेच राज्य रुजते, हा सरांचा निष्कर्ष या उत्तरावर उभा होता. शास्त्रीय ग्रंथात बाजारगप्पा नकोत, असे ठरवून मी ते न विचारता काढले. त्या पानांचा छापलेला फर्मा सरांनी पाहिला. मग त्यांनी मुद्रकाला फोन केला. "चूक माझी आहे. हा फर्मा पुन्हा छापा."

मी म्हणालो, "सर, चूक माझी आहे."

"मग माझ्याबरोबर घोडेगावला चला."

नवा फर्मा सरांनी किसनभाऊंना वाचून दाखविला. आधी तो मजकूर गळला होता, हेही सांगितले.

"कुनी काढला हुता?"

"मी," मी म्हणालो.

"म्हंजी तुमालाबी दार हाय. बसा, च्या घ्या."

सरांनी आपल्यावर घेतलेला दोष आजवर कधी झटकला नाही. म्हणूनच पत्रिकेत तो त्यांच्या नावावर गेला. सरांची प्रकृती अशीच खणखणीत राहो आणि केडगावच्या त्यांच्या घराचे दार आम्हांस आणखी पुष्कळ वर्षे उघडे मिळो.

पत्रिकेतील नोंदी अशा वाचाव्यात:

बाजारातील भेट: पोळ्यानंतर नव्हे, पोळ्याच्या आधीच्या बाजारी.

उत्तर वगळले: दिवाळीत नव्हे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सरांनी नव्हे, मी.

उत्तर पुन्हा छापले: दिवाळीच्या सुट्टीत, सरांनी.