शालूताईसाठी आलेली दुसरी पेटी

रायपूर विमानतळाच्या कार्गो खिडकीवरून औषधाची दुसरी बर्फपेटी घेऊन मी भिलाईच्या वाटेवर कुम्हारीपर्यंत आलो होतो, तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. "बाळू, आता घाई नको करू…" एवढंच म्हणाले. पेटी माझ्या मांडीवर गारच होती.

शालूताई माझी थोरली बहीण. निवृत्त होईपर्यंत भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या प्रयोगशाळेत नमुने तपासत होती. नंतर पोटाचं ऑपरेशन झालं आणि आतड्यात असा जंतू ठाण मांडून बसला की कुठलंच अँटिबायोटिक त्याला लागू पडेना. ताप, जुलाब, पुन्हा दवाखाना… शेवटी डॉक्टरांनी फेजचं नाव काढलं. फेज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. पण ज्याचा जंतू, त्यालाच जुळणारा फेज हवा. ताईचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत गेला. फेज जुळेपर्यंत आणि परवानगीचे कागद फिरेपर्यंत दोन महिने गेले, ताई निम्मी झाली. मग पहिली पेटी आली. पोटातल्या आम्लाने फेज मरू नयेत म्हणून आधी सोड्याचं पाणी, मग ते बिनचवीचं औषध. बारा दिवस ताप आला नाही. भिलाईतल्या कोहक्याच्या घरी तिने मऊ भात मागून खाल्ला, आणि आम्हाला वाटलं, सुटलो.

मग ताप परत आला. डॉक्टर म्हणाले, जंतू बदलला, हा फेज आता त्याला धरत नाही, दुसरा शोधावा लागेल. मी तिच्या पलंगाशी येऊन बसलो.

"कावून रे, तोंड पाडून बसला?"

"जंतू बदलला म्हणतात, ताई."

"सँपल बदललं का रिपोर्ट बदलतेच," ती म्हणाली. "तो बी जगून पाहून राहिला, मी बी."

पुन्हा नमुना, पुन्हा कागद. मला फोन करण्यापलीकडे काही येत नव्हतं. रोज एकच उत्तर, शोधणं सुरू आहे. डॉक्टर भला माणूस, पण त्याच्याही हातात काही नव्हतं. फेज सापडला, तोवर जंतू तिच्या रक्तात उतरला होता.

आता रविवारी भाऊजींकडे जेवायला जातो. मागच्या उन्हाळ्यात ताईने घातलेलं लोणचं अजून बरणीत आहे. तिला स्वतःला ते खायची मनाई होती. बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'ओला चमचा घालू नये.' भाऊजी चमचा धुतात, फडक्याने पुसतात, आणि तो पुरता कोरडा होईपर्यंत आम्ही दोघं ताटावर थांबतो.