हवा कोण सोडतं?

त्याला सगळे शंकासुर म्हणायचे, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द त्याच्या बायकोनं. लग्न होऊन आठवडा उलटला नव्हता, तिनं चहा पुढे केला, तर यानं विचारलं, "आज साखर जास्त का?" तिनं कपाळाला हात लावला तो लावलाच. दूधवाला हसून बोलला तर दुधात पाणी, आणि न हसता बोलला तर नक्कीच पाणी, असा त्याचा हिशेब.

त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. उमेदीची वर्षं त्यानं वजनकाट्यावर काढली होती. रिकामा ट्रक जड दिसावा आणि पुढे मालाचं वजन कमी भरावं म्हणून ड्रायव्हर लोक सीटखाली धोंडे लपवायचे. एकदा तर ताडपत्रीखाली ड्रायव्हरचा आख्खा मेहुणा घोरताना सापडला होता. माणूस गोड बोलत खाली उतरला की शंकासुराचं लक्ष आधी चाकांकडे जायचं. काटा बंद पडला, पण नजर काही बंद पडली नाही.

पुढे त्याला सायकल-सहलींच्या सामानाची गाडी मिळाली. डोंगरांच्या पायथ्यापायथ्यानं, एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात हौशी मंडळी पायडल मारत जायची आणि मागून हा त्यांच्या बॅगा, पाण्याचे कॅन, जादाचे टायर घेऊन. सहलीची म्होरकी होती एक उन्हानं रापलेली, मोठ्या आवाजाची बाई. तिला सगळे ताई म्हणत. ताईचा नियम साधा होता: चढाच्या तोंडाशी ज्याची सायकल बिघडेल त्यानं गाडीत बसायचं, दुरुस्ती माथ्यावर. एकासाठी बाकीच्यांनी उन्हात खोळंबायचं नाही.

त्या खेपेला सुरुवातीपासूनच त्याच्या मनात पाल चुकचुकत होती. पहिला मोठा चढ आला त्या सकाळी सरांच्या सायकलचं मागचं चाक बसलेलं. सर म्हणजे निवृत्त व्यायामशिक्षक; वय झालं तरी छाती पुढे, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप सावधान उभं राहावं. बरोबर त्यांची बायको, काकू, सगळ्यांत मागे राहून हळूहळू सायकल चालवणारी. सर कुरकुरत गाडीत बसले. माथ्यावर ताईनं ट्यूब बादलीत बुडवली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"भोक नाहीये," ताई म्हणाली.

"मग हवा गेली कुठं?"

"गेली असेल अशीच."

"हवा अशीच जात नाही, ताई. कुणीतरी सोडलीय."

ताई हसली. पण पुढच्या चढाला पुन्हा सरांचं चाक बसलं, जोडीला काकूंचंही. मग कोणी हसेना. चहा पिताना माणसं आपापली सायकल दिसेल अशा बेतानं बसू लागली. शंकासुर तर रोज संध्याकाळी सगळ्या सायकली साखळीनं बांधून, कुलूप तीनदा ओढून बघायचा.

त्याचा संशय एकाच माणसावर होता. तो एकटाच आला होता. जुनाट सायकल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. काय करता म्हणून विचारलं तर "आपलं छोटंसं दुकान आहे" एवढंच. कसलं दुकान ते नाही. आणि माणसांकडे बघायचा कसा, तर खांद्यापासून घोट्यापर्यंत, मापं घेतल्यासारखा. हा कसली मापं घेतोय, या विचारानं शंकासुराला जेवण गोड लागेना.

एका सकाळी शंकासुर मुक्कामाच्या शेडमध्ये सायकलींचं कुलूप उघडून पाणी भरायला गेला आणि मुद्दामच लवकर परतला. तो माणूस सरांच्या सायकलपाशी उकिडवा बसलेला. हातात सुई!

शंकासुरानं झडप घालून त्याचं मनगट धरलं. "या, या सगळे! सापडला!"

मंडळी धावत आली. सुई पकडलेला हात तसाच अधांतरी राहिला.

"सीटचं कव्हर उसवलंय," तो माणूस शांतपणे म्हणाला. "काल दिसलं. मी शिंपी आहे. उसवलेलं दिसलं की मला राहवत नाही."

कव्हरवर अर्धी शिवण घातलेली होती, सरळ आणि बारीक. मनगट सुटलं. पण तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "चाक मात्र आजही बसलंय बरं का." खरंच बसलं होतं. सगळे शिंप्याकडे बघू लागले. त्यानं उरलेले टाके घातले, दोरा दातानं तोडला आणि विचारलं, "बॅग बघायचीय माझी? बघा." कुणी पुढे झालं नाही. कुणी "नको" असंही म्हटलं नाही. सर पाठ फिरवून बुटाची नाडी बांधत राहिले.

त्या दिवसापासून शिंपी सगळ्यांच्या मागे, काकूंच्याही मागे राहू लागला. जेवायला कोपऱ्यातल्या टेबलावर. शंकासुराला हे बघून समाधान वाटायला हवं होतं, ते वाटेना. सुईनं भोक पडतं, आणि ट्यूबला भोक नव्हतं. हे त्याला कळत होतं, पण बोलून दाखवायला जीभ रेटत नव्हती.

नदीकाठच्या मुक्कामी दुपारी सगळे पाण्यात पाय सोडून बसले होते. शंकासुर गाडीखाली उताणा पडून सायलेन्सरचा सैल पत्रा आवळत होता. गाडीशेजारीच सायकली उभ्या होत्या. एक पावलांची जोडी सायकलींकडे आली. घोट्याशी सुजलेली, पट्ट्याची चप्पल. मग आवाज आला, सुस्स!

तो सरपटत बाहेर आला. काकू सरांच्या मागच्या चाकापाशी वाकलेल्या होत्या.

"तुम्ही?"

काकू पळाल्या नाहीत. तिथंच दगडावर टेकल्या. "यांच्या छातीत दुखतं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी चढ बंद सांगितलाय. कुणाला कळता कामा नये म्हणून मला शपथ घातलीय. मध्येच झाडाआड थांबतात आणि म्हणतात, पक्षी बघतोय. उतरा म्हटलं तर दुप्पट जोर लावतील."

शंकासुराचा यावरही विश्वास बसेना. "मग एवढ्या डोंगरात आणलंत कशाला?"

"मी आणलं? मला न विचारता नाव देऊन आले. मी या वयात सायकल शिकले ती यांच्यावर नजर ठेवायला."

"आणि शिंप्याचं काय?"

काकूंचा चेहरा पडला. "ते मला खातंय हो. माझ्याही चाकाची हवा सोडली, संशय येऊ नये म्हणून. पण त्या गरिबावर जाईल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले. शंकासुराला बाईमाणसानं डोळे पुसले की हमखास काहीतरी काळंबेरं वाटायचं. या वेळी वाटलं नाही, म्हणून तो आणखीच गोंधळला.

संध्याकाळी ताटं वाढली तेव्हा तो उभा राहिला. "एक सांगायचंय. दोष माझा आहे. मी साखळी करकचून आवळतो, ती व्हॉल्व्हवर दाबली जायची. हवा त्यामुळे गेली." मग शिंप्याकडे वळून म्हणाला, "मी तुमचा हात धरला. चुकलं माझं."

मंडळी हसली, कुणी टाळ्या वाजवल्या. ताई मात्र त्याला बाजूला घेऊन चांगलीच खडसावायला विसरली नाही. शिंपी नंतर त्याच्याजवळ आला. "साखळी तर तुम्ही पुढच्या चाकातून घालता," तो हळूच म्हणाला. "हवा मागच्या चाकाची जायची."

"हो."

"मग?"

"मग काही नाही. मला नका विचारू."

शिंप्यानं त्याला खांद्यापासून घोट्यापर्यंत न्याहाळलं आणि "बरं" म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या सकाळी पुढे सगळ्यांत अवघड घाट होता. सरांच्या चाकात हवा भरून शंकासुर त्यांच्यापाशी गेला. "सर, मला ब्रेकचा संशय येतोय. शेजारी कुणी जाणतं बसलं तर बरं."

सर गाडीत बसले. दोन-तीन वळणं झाली आणि म्हणाले, "ब्रेक ठणठणीत आहेत तुझे."

शंकासुरानं गिअर बदलला.

"ती हवा सोडते, हे मला पहिल्या चढापासून ठाऊक आहे. सकाळी उठून मी आधी चाक दाबून बघतो. बसलेलं असलं की सुटल्यासारखं वाटतं. आपणहून गाडीत बसायला जमत नाही मला."

शंकासुरानं करकचून ब्रेक मारला. "ठाऊक होतं? आणि त्या माणसाच्या बॅगेपर्यंत गोष्ट गेली तेव्हा तुम्ही नाडी बांधत बसलात?"

सरांना असं कुणी विचारलं नसेल बहुधा. ते काच खाली करून बाहेर बघू लागले. शंकासुरानं गाडी पुन्हा घाटाला लावली.

माथ्यावर सर उन्हात उभेच राहिले. एकेक जण धापा टाकत येत गेला. काकू सायकल ढकलत आल्या, आणि त्यांच्या मागून शिंपी, एक हात काकूंच्या सायकलच्या कॅरिअरला लावून. सर सगळ्यांसमोर त्याच्याकडे गेले. छातीचं, चाकाचं, नाडीचं, सगळं सांगितलं. आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. काकू मध्ये म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि मी मेली रोज चोरासारखी…" पुढचं त्यांना रडू की हसू आलं, ते कळलं नाही. शिंपी एवढंच म्हणाला, "सांगितलंत, बरं झालं." हात मात्र त्यानं लगेच पुढे केला नाही. दुपारी पाणी पिताना केला.

उरलेल्या सहलीत सगळे चढ सरांनी गाडीतून केले. उतारावर सायकल मागायचे. ताई देत नसे, मग रुसायचे. नदीकाठचा सपाट रस्ता लागला की मात्र सायकल खाली निघायची, आणि सर, काकू, शिंपी असे तिघं ओळीनं जायचे. शंकासुर गाडी अगदी सावकाश मागे ठेवायचा. सरांचे खांदे जरा जास्त वरखाली झाले की खिडकीतून डोकं काढायचा.

"सर, बरं आहे ना?"

"उत्तम!" सर मागे न बघता हात हलवायचे.

शंकासुराचा विश्वास बसायचा नाही. तो गाडी आणखी थोडी पुढे घ्यायचा.