हरणांचा खोकला

हरीण खोकतं म्हणलं की आमच्या घरची पोरं हसतात. हसा बापड्यांनो! मी माझ्या कानांनी ऐकलंय. मान खाली घालतं, पाय फाकवतं अन् कोरडं ठसकतं, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखं. मला ते ऐकून जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

लग्न होऊन मी मंठ्याकडच्या धनगराच्या घरात आले, तेव्हा निजामाचं राज होतं. घरात माणसं पाच, मेंढरं दीडशे. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा बोलायला कडक, पण मनानं वाईट न्हवते. पावसाळ्यात आमचा कळप पाटलाच्या कुरणात चरायचा अन् उन्हाळ्यात आम्ही त्याच्या शेतात रात्री मेंढरं बसवायचो. लेंडीखत त्याचं, गवत आमचं. आजेसासऱ्यापासूनचा हा व्यवहार, सगळा तोंडी. ते कुरण सुटलं असतं तर पावसाळ्याचे चार महिने कळप न्यायचा कुठं? दुसरी जागाच न्हवती.

आमच्यात एक रीत होती. खोकणारं मेंढरू कळपात ठेवायचं न्हाई. वेगळं काढायचं अन् त्याला सगळ्यात कवळं गवत चारायचं. आजाऱ्याचं तोंड आधी, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. कवळं गवत नाल्याच्या काठाला. तिथं नेण्याचं काम नव्या सुनेचं. त्या वर्षी ज्येष्ठात, आम्ही कुरणात पाय ठेवायच्या आधीच, मामांनी अकरा खोकणाऱ्या मेंढ्या मोजून माझ्या हवाली केल्या. आकडा माझ्या बराबर ध्यानात राहिला, पुढं कामाला आला.

पाऊस पडून गवत वर आलं तशी मी रोज सकाळी, दव असतानाच, त्या अकरा जणींना घेऊन नाल्यावर जायला लागले. तिथं हरणं पाण्यावर यायची. वीस-बावीस असतील. आधी लांब पळायची, मंग मला सरावली. एका मादीच्या डाव्या कानाला चीर होती. ती पाडसाला घेऊन पार जवळ चरायची. सासरी मला जीव लावून बोलायला कुणी न्हवतं, कशाला खोटं बोलू? मी तिच्याशीच बोलायची. माहेरचं सांगायची, आत्याबाईंच्या चुगल्या करायची. ती कान हलवायची अन् चरायची. माझ्या मेंढ्या ज्या गवतात लेंड्या टाकायच्या, तेच गवत ती खायची.

पोळ्याच्या सुमाराला ती पहिल्यांदा खोकली. मला वाटलं, मागं मेंढीच खोकली. वळून बघते तर ही! आठ दिवसांत निम्मी हरणं खोकायला लागली. बरगड्या दिसायला लागल्या. पळताना मधेच थांबायची.

तोवर कळपातबी खोकला पसरला होता अन् दोन मेंढ्या मेल्या होत्या, त्यातली एक मामांनी फाडून बघितली होती. त्याच दिवसांत पाटील कुरणात आला. कळपाजवळ उभा राहून त्यानं कान दिला अन् मामांना म्हणाला, "तुमची मेंढरं खोकून राह्यली. माझी गुरं इथंच चरतात. रोग तुमचा असंल तर उद्याच्या उद्या कुरण खाली करा."

मामांचं तोंड उतरलं. पण लगेच त्यांनी नाल्याकडं हात केला. "रोग आमचा न्हाई, पाटील. हरणांचा हाय. जरा कान देऊन ऐका. त्यांच्यामुळं आमची जित्राबं मरून राह्यली."

पाटलानं ऐकलं. त्याचा एक पाहुणा होता, परवान्याची बंदूक बाळगणारा. तीन दिवस नाल्यावर बार उडाले. जी वाचली ती परत आली न्हाईत.

चौथ्या दिवशी पाटलासमोर मामांनी एका हरणीची छाती फाडली. कान बघून मी तिला ओळखलं. मामांनी फोपसा, म्हणजे फुफ्फुस, कापला. आत नळीत पांढरे, बारीक, शिवायच्या दोऱ्यासारखे जंत, गुंताच्या गुंता. आमच्या मेलेल्या मेंढीत निघाले होते तसेच.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" मामा म्हणाले. पाटलानं मान हलवली अन् आमचं कुरण राहिलं.

तो जंत लेंडीतून ओल्या गवतात उतरतो, दवासंगं पात्यावर चढतो अन् जे जनावर ते गवत खाईल त्याच्या फोपशात घर करतो, हे मला लई वर्षांनी जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. पण कोण आधी खोकलं हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? ज्येष्ठातल्या त्या अकरा मेंढ्या मला ठाऊक होत्या. मी पदर पुढं ओढला अन् मूग गिळून उभी राहिले. नव्या सुनेनं बाप्यांत बोलायचं न्हाई, हे खरं. पण मी गप राहिले ते त्यामुळं न्हाई. कुरण जाईल ही भीती मलाबी होतीच. चोर सोडून संन्याशाला फाशी, अन् चोराच्या घरचीच मी.

पुढच्या पावसाळ्यात मेंढ्या परत खोकायला लागल्या. एका सकाळी मामा कळपाजवळ तंबाखू मळत बसले होते. मळता मळता हात थांबला.

"औंदा एक हरीण न्हाई," ते म्हणाले. "मंग ह्या कशानं खोकून राह्यल्या?"

मी सांगून टाकलं. "मामा, मागच्या साली हरणांच्या आधी आपल्याच खोकत व्हत्या, ज्येष्ठात तुम्हीच अकरा मोजून दिल्या व्हत्या. त्यांना नाल्यावर मीच नेत व्हते, अन् तेच गवत हरणं खायची."

"तवाच का न्हाई बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मामांनी मेंढ्यांकडं बघितलं. मंग म्हणाले, "न्हाई." तंबाखू तशीच खाली टाकून ते उठले. "नाल्याच्या ओल्या गवतातूनच लागलं असंल. आजपासून आजारी मेंढ्या वरच्या खडकाळ माळावर ने. ऊन चढल्यावर."

मी नेल्या. दिवाळीपर्यंत नवी एकबी मेंढी खोकली न्हाई. मामांनी रोज कान दिला. खाली नाल्याकाठी गवत कमरेएवढं वाढलं होतं. खायला कुणी न्हवतं.