पेनामागे गेलेले डोळे

डॉक्टरांनी पेन हळूहळू उजवीकडे नेलं आणि माझ्या वडिलांचे, अण्णांचे डोळे त्यामागे अलगद सरकत गेले. मग पेन खिशात ठेवून ते म्हणाले, "आता नुसत्या भिंतीवरून नजर तशीच फिरवा." नजर उड्या मारतच गेली. अण्णा ओशाळले.

"कुणालाच जमत नाही, आजोबा. पुढे काही हलत असेल तरच मेंदू डोळ्यांना असं सरकवतो."

घरी अण्णा खुर्चीत बसले. पूर्वी इथूनच त्यांची नजर आईमागे ओट्यापासून वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत निवांत जायची. आई गेल्यापासून ती दार, घड्याळ, खिडकी अशी नुसती उडत असते.

मी चहाचा कप घेऊन मुद्दाम लांबून, सावकाश आले. चहा थोडा निवला. अण्णांची नजर मात्र कुठेही न अडखळता माझ्याबरोबर आली.