पडलेला नारळ

पनामाजवळच्या त्या बेटांवरून परत आल्यापासून लंडनच्या पिनर उपनगरातल्या घरी जो येईल त्याला आमचे हे एकच गाऱ्हाणं ऐकवायचे. त्या बेटांवर तिथल्या आदिवासींचंच राज्य आहे आणि प्रत्येक माडाला मालक आहे, अगदी खाली पडलेल्या नारळालासुद्धा. बोटीतून उतरण्याआधीच आम्हाला तसं बजावलं होतं. तरी ह्यांनी वाळूतला नारळ उचलला, कोकणातल्या सवयीने समुद्राला वाहिला आणि गावच्या प्रमुखासमोर उभं राहायची वेळ आणली. माफी मीच मागितली. हे आपले फुगून उभे.

"पडलेल्या नारळाला कसला आलाय मालक?" त्या रविवारीही टीव्हीवर फोटो दाखवत पाहुण्यांपुढे तेच दळण चालू होतं. चहा ओतताना माझं डोकं उठलं होतं. तेवढ्यात ह्यांची नजर खिडकीबाहेर गेली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई, कुंपणापलीकडे त्यांच्याच लॉनवर पडलेली आमच्या झाडाची सफरचंदं वेचत होत्या.

हे तसेच सपाता घालून बाहेर धावले. "एक्सक्यूज मी! यू कुड हॅव आस्क्ड!"

"बघा," मी पाहुण्यांना म्हटलं, "आमच्या बेटाचे प्रमुख निघाले."