हेदवीची सहल आणि आईचा एक मोकळा कान

आईला शेवटची सलग झोप कधी मिळाली असेल? मला सांगता येणार नाही. सावर्ड्याला आमचं घर महामार्गाला लागून, रात्रभर ट्रक. त्यांच्यामुळेच ती जागी होते, अशी माझी खात्री होती. घरात भाकरी सगळ्यांना सारखी, मग झोप का नाही? घरातली पहिली पदवीधर मी, मला एवढंही जमू नये? बाबांना दमा आहे. त्यांच्या सोबतीला आत्या राहायला आली, तेव्हा आईला घेऊन मी हेदवीला निघाले. वाटेत इअरप्लग घ्यायचे आणि शांत जागी त्यांची सवय करायची, असा बेत.

चिपळूणला स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये तीन प्रकार दिसले. रबरी, दोरीवाले पोहायला ठीक; पण आई कुशीवर झोपते, बाहेर आलेलं टोक टोचणार. मेणाचे आमच्या उकाड्यात चिकटणार. उरले स्पंजाचे. बोटांत वळून बारीक करायचे, कान जरा वर ओढून आत सरकवायचे आणि फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. आईचा कान लहान, म्हणून लहान जोडी मागून घेतली. कान दुखत किंवा वाहत असेल तर आधी डॉक्टर, हेही दुकानदारानं बजावलं.

"गो बाय, कानात बोळे मेलेल्या माणसाच्या घालतात," आई कुजबुजली.

"ते कापसाचे, वहिनी," दुकानदार हसला. "हे घालून उठता येतं."

हेदवीच्या एसटीची वेळ डेपोत आधीच विचारून ठेवा, गाड्या मोजक्याच आहेत. रस्ता वळणांचा, आई खिडकीशी. दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही बामणघळीवर गेलो. खडकातल्या त्या अरुंद फटीत भरतीचं पाणी घुसतं आणि तोफेसारखा आवाज करत वर उडतं. भरतीच्या वेळेलाच जा, पण कडेपासून लांब उभे राहा. यापेक्षा चांगली परीक्षा कुठली? आईनं दोन्ही प्लग घातले आणि खदखदून हसली.

"तू नुसतं तोंड हलवतेस गो! समुद्र पण मुका झाला!"

म्हणजे टोचत नव्हते, बसतही होते. मी निर्धास्त झाले.

रात्री एका घरगुती खोलीत उतरलो. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, वर सोलकढी. पोट भरून जेवलो. सकाळी पाहते तर एक प्लग डबीतच.

"एकच घातलास?"

"दुसरा कान बाबांकडे नको? त्यांचा श्वास अडकला की बारीक शिट्टी वाजते."

"अगं, बाबा सावर्ड्याला आहेत!"

"ते मला ठाऊक गो. कानाला कुठं ठाऊक?"

म्हणजे ट्रक तिला कधी उठवतच नव्हते. इतक्या गदारोळातून ती एक शिट्टी वेचून काढत होती, आणि मी भिंतीपलीकडे गाढ झोपत होते.

सगळ्यांना सांगेन, कुशीवर झोपत असाल तर स्पंजाचेच घ्या, हात धुऊन घाला. पण घेण्याआधी विचारा, हे माणूस रात्रभर कुणासाठी जागं असतं?

आता आई माझ्या खोलीत झोपते, दोन्ही प्लग घालून. बाबांच्या खोलीत माझं अंथरूण आहे, आणि त्यांचा दम्याचा पंप माझ्या उशाशी.