इराचं ‘नको’ आणि आमचं बोरनहाण

मैत्रिणींनो, आत्ताच घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आज आमच्या दिल्लीतल्या द्वारका भागातल्या मराठी ग्रुपचं बोरनहाण होतं. हा ग्रुप आम्ही आयांनीच उभा केला. इथे ना आजी जवळ, ना मावशी. म्हटलं, मुलांना आपली चार माणसं तरी मिळतील.

माझी चार वर्षांची इरा हलव्याचे दागिने घालून खुशीत पाटावर बसली. पण शेजारच्या बाळाच्या डोक्यावर बोरं-चुरमुरे पडताना बघून म्हणाली, "मला डोक्यावर नको. ओंजळीत द्या." किती साधी गोष्ट! मीही सगळ्यांना तेच सांगितलं.

"अच्छा, आता हिची परवानगी घ्यायची का?" असं म्हणत एका काकूंनी तिचे हात धरले आणि दुसऱ्या काकूंनी अख्खं पातेलं डोक्यावर ओतलं. इरा "नको, नको" ओरडतेय आणि बाकीच्या हसत फोटो काढतायत! मी तिला उचलून घेतलं, तर एक मैत्रीण मलाच म्हणते, "यार, लाडच करतोय ना आपण? उगाच मूड घालवलास."

लाड? आपल्या माणसांसमोर ‘नको’ चालत नाही, हे आज आम्ही सगळ्यांनी मिळून तिला शिकवलं.

घरी केसांतले चुरमुरे काढताना इराने विचारलं, "आई, पुढच्या वेळी मी हिंदीत सांगू का? त्यांना मराठी कळलं नाही."

सांगा, काय उत्तर देऊ तिला?